दोन चाळीसचं पाणी

नळाखाली पालथी घातलेली परात वाजायला लागली तेव्हा बाहेर धड उजाडलंही नव्हतं. मी शाल्मलीला कुशीत घेऊन पडले होते. घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजून दहा मिनिटं. आमच्या गल्लीत पाणी सात-दहाला यायचं. काल सात-दहाला आलं होतं, परवा सात-दहाला, आणि त्याआधीचे पाच महिने सात-दहालाच.

"चुकून आलं असेल," सासूबाई गादीवर उठून बसत म्हणाल्या. "आधी भरून घे. विचार काय, दिवसभर करायचाच आहे तुला."

सारणेरला बायका झोपताना नळ उघडाच ठेवतात आणि खाली परात पालथी घालतात. आधी नुसती हवा येते, नळ घोरल्यासारखा सूं सूं करतो, मग पहिली धार परातीवर आपटते आणि घर जागं होतं. मोबाइलचा गजर माणूस झोपेतच बंद करतो, परातीला ते जमत नाही. मी पिंप भरलं, हंडे भरले, शाल्मलीच्या बाटल्यांसाठी पाणी उकळायला ठेवलं आणि वहीत लिहिलं: रविवार, पाणी ६:१०. ताप नाही. एकदा शी.

त्या वहीबद्दल सांगायला हवं. शाल्मली जन्मली तेव्हा एक किलो नऊशे ग्रॅमची होती. तिसऱ्या महिन्यात तिला जुलाब झाले, सलाइन लागलं, आणि डॉक्टर म्हणाले, आठवडाभर सगळं लिहून ठेवा, काय पाजलं, कधी पाजलं, पाणी कधीचं होतं. त्यांचा आठवडा सात दिवसांत संपला असेल, माझा वर्ष उलटलं तरी चालूच होता. मी बी.एस्सी. केमिस्ट्री. प्रयोगशाळेत आमच्याकडून एक गोष्ट घोकून घेतली होती: आधी वेळ, मग जे दिसलं ते, आणि मत सगळ्यात शेवटी. तर मी वेळ लिहायचे. दुधाची, औषधाची, झोपेची आणि नळाची, कारण बाटल्या मी फक्त त्या दिवशीच्या ताज्या पाण्यात उकळायचे. गल्लीत तिचं नाव पडलं होतं काळजीवही. हेमराज, माझा नवरा, आलेल्या पाहुण्यांना ती काढून दाखवायचा आणि म्हणायचा, एवढ्या नोंदी आमच्या संरक्षण खात्यातसुद्धा नसतील.

त्याला ते म्हणायचा अधिकार होता. सारणेरच्या उत्तरेला टेकडीआड दारूगोळ्याचा डेपो आहे आणि हेमराज तिथल्या अग्निशमन दलात आहे. पिंपळदरा धरणाहून निघणारी मोठी पाइपलाइन आधी डेपोला पाणी देते, मग गावाला. एकदा जेवताना तो सहज बोलून गेला होता की सगळे पाइप एकदम सोडले तर त्यांच्या टाक्या अकरा मिनिटं पुरतात, त्यानंतर धरणाच्या लाइनचं पाणी सुरू झालंच पाहिजे. मग घास तसाच ठेवून म्हणाला, हे कुठे बोलू नकोस. मी बोलले नाही. आता तिथे दुप्पट टाक्या झाल्यात आणि तो आकडा खोटा ठरलाय, म्हणून सांगते. पण त्या वर्षी मी दूध गॅसवर ठेवलं की मनात अकरा मिनिटं मोजायचे, आणि टेकडीकडे बघायचे.

आता कंपनीचं. गावातलं पाणी तीन वर्षांपूर्वी एका कंपनीकडे दिलं होतं, आणि खोटं का बोला, त्याआधी आमच्याकडे चौथ्या दिवशी पाणी यायचं. कंपनीने ते रोज आणलं. ती आली तेव्हा पुण्याची होती. दुसऱ्या वर्षी तिला युरोपातल्या एका कंपनीने विकत घेतलं, आणि त्या कंपनीला आणखी कुणीतरी. नगरपालिकेच्या दारावर नोटीस लागली होती, ती मी शाल्मलीला कडेवर घेऊन पूर्ण वाचली होती. मालकाबद्दल तिच्यात एकच ओळ होती, युरोपातल्या मुख्य ऑफिसच्या पत्त्याची, आणि ती तीनदा वाचूनही माणसाचं नाव सापडलं नाही. नोटीस अशी होती की धरणाची मोठी लाइनसुद्धा, डेपोच्या पाण्यासकट, आता तीस वर्षांसाठी याच कंपनीकडे द्यायची आहे. गुरुवारी जनसुनावणी. पहिल्या कराराची एकवीस नंबरची अट अशी होती की पाणी सोडण्याचं नियंत्रण सारणेरच्या हद्दीतूनच होईल. कंपनीने ती तीन वर्षं काटेकोर पाळली आहे, असं खाली लिहिलं होतं, आणि याच भरवशावर पुढचा करार होणार होता.

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मालक कुठला का असेना, पाणी आपल्याच नळाला येतं ना?" सगळं गाव हेच म्हणत होतं.  मला भीती वाटत होती, पण ती मला कशाचीही वाटायची, म्हणून तिला कुणी मोजत नव्हतं.

तर तो रविवार. दुपारी मी शाल्मलीला नुकतं झोपवलं आणि साडेबाराला फोन वाजला. ज्योत्स्नाताई, माझी नणंद. ती लग्नानंतर युरोपात गेली आणि दर रविवारी, तिकडचे सकाळचे नऊ वाजले की, भाचीला बघायला फोन करते. हिवाळाभर तो फोन दीडला येत होता, म्हणून मी शाल्मलीची झोप त्याच्या आधी उरकून ठेवायचे.

"अगं, आत्ताच झोपली ती," मी म्हटलं. "आज लवकर कसा काय?"

"लवकर कुठे, नऊच वाजलेत. आज आमची घड्याळं तासभर पुढे केली ना. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. दर वर्षी सांगते मी."

सासूबाई फोनमध्ये डोकावून म्हणाल्या की घड्याळ ही काय पुढे-मागे करायची वस्तू आहे का, आणि सरकार सांगतं म्हणून सूर्य ऐकतो का. माय-लेकींचं ते हसणं चालू होतं आणि मी सवयीने वही ओढून लिहिलं: आत्याचा फोन १२:३०. लिहिलं आणि पेन तिथेच थांबलं. त्याच्या बरोबर वर सकाळची ओळ होती.

मी पानं मागे उलटली. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. पाणी ७:१०, काल ६:१० होतं. आत्याचा फोन १:३०, शालू रडून रडून झोपली. आणखी मागे, आदल्या मार्चचा शेवटचा रविवार, शाल्मली दोन महिन्यांची, अक्षर झोपेतलं. पाणी ६:१०, तासभर आधी. आत्याचा फोन १२:३०.

हेमराज ड्युटीवरून आला तेव्हा मी तिन्ही पानं त्याच्यापुढे ठेवली. तो बूट काढता काढता थांबला.

"योगायोग," तो म्हणाला.

"एकदा असेल. तीनदा?"

"म्हणजे तुझं म्हणणं काय?"

"आपला नळ सारणेरच्या घड्याळावर चालत नाही. ज्योत्स्नाताईच्या घड्याळावर चालतो."

त्याने तिन्ही पानं पुन्हा मागे-पुढे उलटली. मग म्हणाला की गुरुवारी तू जाऊ नकोस. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. डेपोत काम करणाऱ्याची बायको उभी राहून बोलली तर लोक म्हणणार, नवऱ्यानेच आतलं सांगून पाठवलं. मी म्हटलं, मी फक्त नळाची वेळ सांगेन, डेपोचा डसुद्धा काढणार नाही. तो टॉवेल उचलून आंघोळीला गेला. मला ते नकारासारखं वाटलं.

सोमवारी मी निंबाआबांकडे गेले. कंपनी येण्याआधी गावात सात चावीवाले होते. खांद्यावर लोखंडी चावी, माणसाच्या छातीइतकी उंच, वर आडवी मूठ, आणि सायकलवर गावभर फिरून गल्ली-गल्लीचं पाणी सोडायचे. कंपनीने व्हॉल्व्हला मोटारी बसवल्या आणि सातही जण घरी बसले. निंबाआबांनी एकतीस वर्षं चावी फिरवली होती. आता ते पाण्याच्या टाकीमागे राहत, अंगणात वांगी लावत.

मी वही दाखवली. त्यांनी ती लांब धरून पाहिली आणि परत दिली.

"वाचता येत न्हाई मला फारसं. तू तोंडाने सांग, माय."

सांगितलं. ते वांग्याच्या आळ्यात पाणी घालत ऐकत होते. मग त्यांनी मलाच विचारलं, "टाइम बदलला तवा रिक्षा फिरली का?"

आणि मला माझ्याच डोक्यात मारून घ्यावंसं वाटलं. सारणेरला पाण्याची वेळ पाच मिनिटं इकडची तिकडे झाली तरी आदल्या दिवशी भोंगा लावून रिक्षा फिरते. न फिरवली तर दुसऱ्या दिवशी बायका हंडे घेऊन नगरपालिकेत जातात, ही इथली रीत आहे. ऑक्टोबरात रिक्षा फिरली नव्हती. आम्ही सगळे धरून चाललो की थंडीचा टाइम असेल.

"रिक्षा कुनी फिरवली न्हाई," आबा म्हणाले, "म्हंजे टाइम इथल्या कुनी बदललाच न्हाई. ज्याने बदलला त्याला रिक्षा ठाऊक न्हाई." त्यांनी झारी खाली ठेवली. "गुरवारी मी येतो. बोलनार काही न्हाई. चावी घेऊन येतो."

ऑपरेटर म्हणून कंपनीत सायरा तडवी होती, कॉलेजात माझ्या एक वर्ष मागे. तिला विचारलं असतं तर खरं-खोटं लगेच कळलं असतं. दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. तिच्या घरात ती एकटी कमावती होती. माझी भीती मला तिच्या पदरात घालायची नव्हती.

गुरुवारी हेमराज ड्युटीला गेल्यावर मी वही पिशवीत टाकायला उचलली. तीन पानांत वर्तमानपत्राच्या तीन पट्ट्या नीट कापून खुणेसाठी घातलेल्या होत्या. बरोबर त्या तीन रविवारी.

सासूबाई पातळ बदलून तयार होत्या. "मी पोरीला धरायला येतेय," त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठी नाही."

नगरपालिकेच्या सभागृहात पन्नासेक माणसं होती. समोर प्रांत मॅडम, त्यांच्या उजवीकडे कंपनीचे सबनीस साहेब, आणि पहिल्या रांगेत कडेला डेपोचे एक अधिकारी, टोपी मांडीवर ठेवून. भिंतीवर पडदा, आणि पडद्याखाली लॅपटॉप घेऊन सायरा. सबनीस साहेब चांगलं बोलले. गावाला आधी किती पाणी मिळायचं, आता किती मिळतं, गळती किती कमी झाली, आणि हे सगळं इथून, सारणेरमधून, सारणेरचीच मुलं चालवतात. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या असत्या, पण हात मोकळे नव्हते. शाल्मली सासूबाईंकडे जायला तयारच नव्हती. ती माझ्या कडेवर, वही तिच्या पाठीमागून धरलेली.

माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले आणि दुसरं काही सुचेना म्हणून नुसतं वाचायला लागले. तारीख, वेळ. तारीख, वेळ. मागून कुणीतरी म्हणालं, "काळजीवही आली," आणि हशा झाला. दुसरा म्हणाला, "वहिनी, पाणी लवकर आलं म्हणून तक्रार करणारी बाई पहिल्यांदाच बघतोय." पुन्हा हशा. शाल्मलीला वाटलं सगळे तिच्यासाठी हसतायत, तीही हसली.

सबनीस साहेबांनी समजूत घातल्यासारखं सांगितलं की मागणी बघून हिवाळ्याचं आणि उन्हाळ्याचं वेळापत्रक वेगळं ठेवलं जातं, ताईंची नोंद अगदी बरोबर आहे, त्याबद्दल कौतुकच.

"मग रिक्षा का नाही फिरवली?" मी विचारलं.

हशा थांबला. बायकांच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, खरंच की. दुसरीने तिला विचारलं, तुमच्याकडे फिरली होती का, आणि ती कुजबुज मागपर्यंत गेली. प्रांत मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि वेळ बदलल्याचा लेखी आदेश मागितला.

"सायरा मॅडम, ऑक्टोबरचा बदल काढा जरा," सबनीस म्हणाले.

 सायराने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"तसा बदल नाहीये सर. आपण वेळ बदललीच नाही."

सबनीस साहेबांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. ते म्हणाले, बघा, म्हणजे वहीतच काही तरी. मी ते पान पुन्हा बघितलं.

"वही बरोबर आहे," सायरा म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक होता. "आपल्या स्क्रीनवर त्यांच्या गल्लीपुढे बारा महिने एकच वेळ असते. दोन चाळीस. आम्ही रुजू झालो तेव्हापासून दोन चाळीस."

तिने लॅपटॉपवर एक बटण दाबलं आणि ते पडद्यावर आलं. रांगेने तारखा, प्रत्येकीपुढे दोन चाळीस.

"दोन चाळीस कुठले?" प्रांत मॅडमनी विचारलं. "सारणेरमध्ये दोन चाळीसला कुणाकडे पाणी येतं का?"

कुणाकडेच येत नव्हतं. मॅडम माझ्याकडे बघत होत्या, म्हणून मी बोलले. "माझी नणंद युरोपात आहे, मॅडम. कंपनीचं मुख्य ऑफिस आहे तिच्या शेजारच्याच देशात. तिकडे पहाटेचे दोन चाळीस वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे सहा-दहा होतात. हिवाळ्यात ते घड्याळ तासभर मागे करतात, म्हणून आपल्याकडे सात-दहा. पाणी कधीच हललं नाही. घड्याळ हललं, आणि ते घड्याळ इथे नाहीये."

सायराने पडद्यावर ते रविवार काढून दाखवले: त्या दिवसांचं वेळापत्रक यंत्रणेने मध्यरात्रीच नव्या घड्याळाने लावलं होतं. सबनीस साहेब म्हणाले की हा नुसता घड्याळाचा तांत्रिक तपशील आहे, यंत्रणा कुठलंही घड्याळ वापरो, हुकूम इथलाच चालतो. मला वाटतं, त्यांचा स्वतःचाही तोवर तसाच समज होता.

"उत्तम," प्रांत मॅडम म्हणाल्या. "मग आत्ता उघडा. मागच्या टाकीचा व्हॉल्व्ह. अंगणातल्या नळाला पाणी येऊ दे, आम्ही बघतो."

सायराने बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली: ठरलेल्या वेळेबाहेरची विनंती नोंदवली आहे, मंजुरी येईपर्यंत थांबावे. सबनीस साहेबांनी फोन लावला. तो वाजत राहिला. तिकडे सकाळचे साडेसात वाजले होते, ऑफिस उघडायचं होतं.

मी वहीत लिहिलं: ११:०४, विनंती. शाल्मली पेन ओढत होती. मी तिला दुसऱ्या कडेवर घेतलं. आणि मग काय मनात आलं कुणास ठाऊक, मी मोठ्याने म्हटलं, "अकरा-पाच."

 सबनीस दुसरा नंबर लावत होते.

"अकरा-सहा."

मागून तो मघाचा आवाज आला, वहिनी, दूध ठेवलंय का गॅसवर, पण या वेळी फारसं कुणी हसलं नाही. मी थांबले नाही, एकेक मिनिट वहीत मांडत गेले. अकरा-सात. अकरा-आठ. मी पडद्याकडे बघत नव्हते. मी पहिल्या रांगेतल्या त्या अधिकाऱ्यांकडे बघत होते. आधी ते खिडकीतून बाहेर बघत होते. अकरा-नऊला त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. अकरा-बाराला त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सरळ, आणि मला कळलं की ते काय मोजतायत ते. मी वचन मोडलं नव्हतं. तो आकडा तोंडातून काढला नव्हता. मी फक्त घड्याळ वाचत होते.

"अकरा-पंधरा," मी म्हटलं.

ते उठून उभे राहिले. टोपी डोक्यावर घातली.

"मॅडम," ते प्रांत मॅडमना म्हणाले, "आमच्या बाजूने उत्तर मिळालं. ही लाइन आम्हाला अशी चालणार नाही. लेखी आज संध्याकाळपर्यंत देतो." मग माझ्याकडे वळून एकदा मान लववली.

एवढ्यात मागच्या दाराशी लोखंड फरशीला लागल्याचा आवाज झाला. निंबाआबा. चावी खांद्यावर, अंगात तो जुना खाकी सदरा, बगलेत उसवलेला. बोलणार नाही म्हणाले होते, पण प्रांत मॅडमनी विचारलं की हा व्हॉल्व्ह उघडायचा दुसरा काही मार्ग आहे का, तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"मोटारीच्या आधीचा जुना व्हॉल्व्ह हाय, साहेब. कंपनीने वर फरशा टाकल्या. मी घातलेला, मला ठाऊक हाय."

"उघडा," मॅडम म्हणाल्या.

सगळं सभागृह टाकीपाशी गेलं. दोघांनी फरश्या उचलल्या, आबांनी खड्ड्यात चावी उतरवली, चाचपून बसवली आणि आडव्या मुठीवर छाती टेकवली. पहिला फेरा बसला नाही. दुसराही नाही. त्यांनी हाताला माती चोळली. तिसऱ्याला गंजाचा करकर आवाज झाला आणि चावी फिरली. मग लोक मोजायला लागले. मघाशी हसलेला तो मागचा माणूस सगळ्यात मोठ्याने मोजत होता. अठ्ठावीस फेऱ्यांना आबा थांबले. घाम पुसत म्हणाले, "ऐका आता."

अंगणातला नळ सूं सूं करायला लागला. सासूबाई तिथेच उभ्या होत्या. आधी हवा, मग लाल पाण्याचा एक सपकारा, आणि मग धार, स्वच्छ, मनगटाएवढी. सासूबाईंनी ओंजळ भरली, शाल्मलीचं तोंड धुतलं, स्वतःच्या डोळ्यांना लावलं आणि जमलेल्या बायकांना सांगितलं, "सून आहे माझी. कधीची म्हणत होती, मालक कोण ते बघा म्हणून. कोण ऐकतंय."

मी लिहिलं: ११:२६, पाणी.

कंपनीची मंजुरी पडद्यावर उमटली तेव्हा बारा वाजायला आठ मिनिटं कमी होती. आत बघायला एकटी सायरा होती. ती हसतच बाहेर आली आणि आम्हाला म्हणाली, आली बघा परवानगी, उघडू का?

मोठी लाइन कंपनीला मिळाली नाही. एकवीस नंबरची अट मोडली म्हणून गावाचा करारही वर्षाच्या आत संपला. ते वर्ष सोपं गेलं नाही. मधे दोन महिने पाणी दिवसाआड आलं आणि काही घरांनी माझ्याशी बोलणं टाकलं. पण कंपनीने टाकलेले पाइप चांगले होते, ते तसेच ठेवले. नियंत्रण कक्ष टाकीच्या पायथ्याशी आला, तिथे सायरा आता प्रमुख आहे, आणि तिच्या खुर्चीमागे भिंतीवर सात चाव्या टांगलेल्या आहेत. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मोटारी बंद करून सगळे व्हॉल्व्ह हाताने उघडायचे आणि हाताने बंद करायचे, असा नियम आहे. ते शिकवायला आबा अखेरपर्यंत येत होते.

हेमराज त्या दिवशी घरी आला तो बूटसुद्धा न काढता आत आला. डेपोत सगळ्यांना कळलं होतं. त्याने वही मागितली, ११:०४ पासून खाली सगळे आकडे बोट ठेवून वाचले, ११:१५ वर बोट थांबलं. "मोजलंस तू," तो म्हणाला. एवढंच. मग शाल्मलीला उचललं आणि तिची रात्रीच्या दुधाची वेळ स्वतःच्या हाताने लिहिली. चुकीच्या रकान्यात.

शाल्मली आता तेराची आहे. वही कधीच थांबली, तिला ती दाखवली तर लाजते, म्हणते आई, यात माझी शी लिहिलीये. वर्षातून दोनदाच मी ती काढते. परवा मार्चचा शेवटचा रविवार होता. पहाटे उठून मी नळाखाली परात पालथी घातली आणि घड्याळ घेऊन बसले. ती वाजली. दुपारी ज्योत्स्नाताईचा फोन आला.

शेवटच्या पानावर आता या दोनच ओळी आहेत, वर्षानुवर्षं एकाखाली एक. आत्याचा फोन मार्चला तासभर आधी, ऑक्टोबरला तासभर उशिरा. पाणी ६:१०, कालही ६:१०.